बालकेर्न नावाची सवत

सविता आगाशेला फुटबॉलचा मनापासून तिटकारा होता. तसा तिचा स्वभाव राग धरून ठेवणाऱ्यातला नव्हे. सिंगापूरच्या नोव्हेना भागात दातांच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसायची, आणि दाढ ठणकत असलेल्या माणसाच्या तोंडून जे जे बाहेर पडतं ते वीस वर्षं हसऱ्या चेहऱ्यानं ऐकून घेत आली होती. पण शनिवारची जेवणं उरकली, नवऱ्यानं लॅपटॉप उघडला आणि त्या पडद्यावर चिखलात घसरणारी बावीस माणसं दिसायला लागली की तिचं डोकं फिरायचं. "बसले माझ्या सवतीपाशी," असं ती मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची आणि झोपायला निघून जायची.

या सवतीचं नाव बालकेर्न. लग्नाच्या आधी, अठ्ठाविसाव्या वर्षी, बँकेनं निशिकांतना चौदा महिन्यांसाठी एडिंबरोला धाडलं होतं. तिथं एका गारठलेल्या शनिवारी ऑफिसमधल्या कुणीतरी त्यांना आगगाडीनं या गावी नेलं. समुद्रकाठचं लहानसं गाव, मासेमारीचा धक्का, आणि धक्क्याला लागूनच फुटबॉलचं मैदान. जोरात लाथ बसली तर चेंडू थेट पाण्यात. त्या दिवशी बालकेर्नचा संघ चार गोलनी हरला. पुण्याहून नुकत्याच आलेल्या निशिकांतची बोटं काळीनिळी पडलेली बघून शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी म्हाताऱ्यानं आपला एक हातमोजा काढून त्यांच्या हातात दिला. "एक तू घाल, एक मी घालतो. अर्ध्या वेळानंतर बदलू." बस्स, एवढंच घडलं. पण तेव्हापासून तीस वर्षं निशिकांत त्या क्लबचे सभासद होते. स्कॉटलंडच्या लीगमध्ये चार पायऱ्या असतात. बालकेर्न कायम सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि तिथंही बहुधा शेवटून दुसरं-तिसरं.

"जिंकत नाहीत तर बघता कशाला?" सविता विचारायची.

"जिंकणाऱ्यांना बघायला खूप लोक आहेत गं," ते म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, बुकित बातोकच्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निशिकांत ऑफिसला जायला निघाले होते. सोफ्यावर बसून बूट घालत होते. सविता चहा घेऊन आली तेव्हा ते बुटाच्या नाडीकडे असे बघत होते, जणू ती वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच दिसतेय. तिनं विचारलं, "काय झालं?" त्यांनी वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून जे आलं त्याला शब्द म्हणता आलं नसतं. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. सवितानं कप खाली ठेवला की टाकला हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. अॅम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली. त्या अकरा मिनिटांबद्दल तिनं पुढे कितीतरी वेळा देवाचे आणि सिंगापूरचे आभार मानले.

जीव वाचला. पाय हळूहळू चालू लागला. उजव्या हातात थोडी ताकद आली. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरांनी सांगितलं, याला अफेझिया म्हणतात. माणूस आतून शाबूत असतो, त्याला सगळं समजतं, माणसं ओळखू येतात, हसू येतं, राग येतो. फक्त शब्दाकडे जाणारी वाट बुजलेली असते.

महिन्याभरानं घरी आणल्यावर एका तिन्हीसांजेला सविता देवापाशी दिवा लावून शुभंकरोति म्हणत होती, आणि पाठीमागून तिच्या सुरात सूर मिसळला. वळून पाहते तर निशिकांत! "आरोग्यं धनसंपदा" पासून "दीपज्योति नमोऽस्तुते" पर्यंत एक अक्षर चुकलं नाही. ती आनंदानं रडली, मुलीला, गार्गीला, ऑफिसमधून बोलावून घेतलं, जेवायला गोड केलं. दुसऱ्या दिवशी नोव्हेनाच्या स्पीच थेरपीत तिनं हे सांगितलं तेव्हा थेरपिस्ट मिस लिम हसली, पण जपून. ती तिशीतली, बारीक अंगाची, अतिशय शांत मुलगी होती.

"मिसेस आगाशे, हे चांगलंच आहे. पण पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं. तो कप्पा वाचलाय. आपल्याला हवाय दुसरा, स्वतःचं काही सांगायचा. त्यांना काय आवडतं?"

सवितानं सांगितलं: वरणभात, नाट्यसंगीत, मुलगी. मिस लिमनं भाताचे फोटो दाखवले, गाणी लावली, गार्गीचे फोटो दाखवले. निशिकांत बघायचे, मान हलवायचे, ओठ जुळवायचे. घाम फुटायचा. शब्द काही यायचा नाही. बायकोचं नाव येत नव्हतं, मुलीचं येत नव्हतं, स्वतःचंही येत नव्हतं.

ऑगस्टचा पहिला शनिवार होता. सविता स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. बाहेर निशिकांत भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर खुर्ची ओढून बराच वेळ बसले होते. एकदम त्यांचा आवाज आला.

"बाल..."

सविता धावत आली. "काय? काय म्हणालात? केस? केस विंचरायचेत का?" तिनं लगबगीनं कंगवा आणला. निशिकांतनी तो डाव्या हातानं बाजूला सारला. कॅलेंडरवरच्या तारखेवर बोट ठेवलं. कपाळाच्या शिरा फुगल्या.

"बाल... केर... न."

गार्गी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. चोविशीतली पोर, पण ती लहान मुलीसारखी, सिंगापुरी हेल काढून ओरडली. "आई, बालकेर्न, लाह! आज सीझन सुरू होतोय!"

सविताच्या हातात कंगवा तसाच राहिला. तीस वर्षांचा संसार. आणि आजारपणानंतर नवऱ्याच्या तोंडून पहिलं नाव आलं ते सवतीचं! तिला हसू आलं की रडू, हे तिचं तिलाच समजेना. दोन्ही एकदमच आलं असावं, कारण निशिकांत तिच्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. जूननंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

मिस लिमला हे कळल्यावर ती खुर्चीत पुढे सरकून बसली. "हा पाठांतराचा शब्द नाही. हा त्यांना हवा होता, म्हणून ते तो शोधत गेले. मला या फुटबॉलबद्दल सगळं सांगा."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग शिका," मिस लिम म्हणाली.

आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सविता आगाशे स्कॉटिश फुटबॉल शिकायला बसली. गार्गीनं तिला समजावून सांगितलं. या खालच्या लीगमध्ये दहा संघ. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी वर्षभरात चार वेळा खेळतो. म्हणजे छत्तीस सामने, ऑगस्ट ते मे. जो तळाला राहील त्याला लीगच्या बाहेरच्या एका संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. मिस लिमचे तर डोळेच चमकले. "म्हणजे प्रत्येक नाव चार वेळा येणार, थोड्या-थोड्या दिवसांनी? एखादा व्यायाम मी बसून आखला असता तरी याहून चांगला जमला नसता."

डॉक्टरांनी निशिकांतना रात्री लवकर झोपायची सक्त ताकीद दिली होती, आणि सामने सिंगापूरच्या रात्री दहा-अकराला सुरू होत. त्यामुळे आता निकाल रविवारी सकाळी कळायचा. सविता चहाबरोबर तो वाचून दाखवू लागली. अडचण एकच होती, तिचे उच्चार. ग्लेनशील, स्ट्रॅथफर्न, पोर्ट मॉरी, किर्कहिल. ती वाचायची आणि निशिकांत वेदना झाल्यासारखे डोळे मिटायचे. शेवटी तिनं क्लबलाच ईमेल लिहिली. दवाखान्यात पेशंटना लिहिते तशी सरळ, नेटकी. माझे यजमान तुमचे तीस वर्षांचे सभासद, त्यांची वाचा गेली आहे, पहिला शब्द तुमच्या गावाचा आला. तर या संघांची नावं नीट कशी म्हणायची ते कृपया कळवाल का?

दोन दिवसांनी उत्तर आलं, तेही लिहिलेलं नव्हे, आवाजातलं. बोलणारी होती एल्सपेथ नावाची बाई. निवृत्त शाळामास्तरीण, क्लबची चिटणीस, आणि सामन्याच्या दिवशी चहाची किटली सांभाळणारी. तिनं दहाही संघांची नावं सावकाश म्हणून पाठवली होती. तिचा 'र' असा गडगडत यायचा की सविताला वाटलं, बाईच्या तोंडात गोट्या आहेत. निशिकांतनी ते रेकॉर्डिंग चौदा वेळा ऐकलं. पंधराव्यांदा त्यांनी तिच्याबरोबर "किर्क..." म्हटलं.

त्या शनिवारपासून एल्सपेथनं नेमच धरला. सामना संपला, कपबश्या विसळून झाल्या की ती चहाच्या खोलीत बसून तीन वाक्यं बोलायची आणि पाठवायची. फक्त तीन, मिस लिमनं सांगितलं होतं तेवढीच. कोण कुणाशी खेळलं, किती गोल झाले, आणि हवा कशी होती. सविता रविवारी उठायची तेव्हा फोनमध्ये तो आवाज येऊन पडलेला असायचा. एल्सपेथनं आगाशे कुटुंबाला कधी पाहिलं नव्हतं, पुढे पाहण्याची शक्यताही फारशी नव्हती. पण वर्षभरात सामन्याचा एकही शनिवार तिनं चुकवला नाही. सविता तिला एकदा म्हणाली, "तुम्हाला किती त्रास देतोय आम्ही." त्यावर उत्तर आलं, "मुळीच नाही. आमच्या खेळाबद्दल इतकं मन लावून ऐकणारं इथंही कुणी नाही."

सगळं छान चाललं होतं. फक्त बालकेर्न जिंकत नव्हतं.

ऑक्टोबरात पोर्ट मॉरीवर एकदा एका गोलनं विजय मिळाला. सवितानं शिरा केला, निशिकांतनी "एक-शून्य" असे दोन आकडे ओळीनं म्हटले. त्यानंतर मात्र उतरंड लागली. हार, हार, बरोबरी, पुन्हा हार. नोव्हेंबरात सलग पाच पराभव झाले. संघाचा पुढच्या फळीतला मॅक्रेडी, गोल करायचा भरवसा त्या एकट्याचाच, पाय मोडून घरी बसला. निशिकांतही कोमेजत चालले. निकाल ऐकल्यावर रविवारभर खिडकीशी बसून राहायचे, व्यायामाचे कागद दूर ढकलायचे. एकदा चिडून पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. सविता गुपचूप काचा गोळा करत असताना ते तिच्याकडे बघत होते, आणि माफी मागायलाही त्यांच्यापाशी शब्द नव्हता.

पुढच्या रविवारी फोनमध्ये एल्सपेथचा आवाज होता: किर्कहिल तीन, बालकेर्न शून्य. सवितानं तो ऐकला, पुसून टाकला आणि चहा घेऊन बाहेर आली.

"आज एल्सपेथचं काही आलं नाही. पण मी वाचलं हं, जिंकलो! दोन-एक! आणि दुसरा गोल कुणी मारला माहितीये? मॅक्रेडीनं!"

निशिकांतनी कप खाली ठेवला. तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग डावा हात उचलून आपल्याच मांडीवर थाप मारली.

"पाय," ते म्हणाले.

"काय?"

"पाय!" पुन्हा थाप. मग ओठ आवळले, डोळे बारीक केले, आणि जणू विहिरीतून जड घागर वर ओढावी तसा एक शब्द वर आला. "खो... टं."

सविता गार पडली. महिन्यापूर्वी तिनंच वाचून दाखवलं होतं, मॅक्रेडीचा पाय मोडला म्हणून. तीच विसरली होती. हे विसरले नव्हते.

"खोटं," निशिकांत पुन्हा म्हणाले, या वेळी स्वच्छ. आणि मग दोघांच्या एकदम ध्यानात आलं की हे काय झालं. हे गावाचं नाव नव्हतं, आकडा नव्हता, देवापुढचं पाठांतर नव्हतं. आपल्या बायकोला उद्देशून, आपल्या मनातलं, आपल्या भाषेतलं बोलणं होतं ते. सविता खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. "हो, खोटं. खोटंच बोलले. तीन-शून्य हरलो आपण." तिच्या तोंडून 'आपण' गेलं ते तिच्या लक्षातही आलं नाही. निशिकांत तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि चक्क हसत होते.

"खोटं पुन्हा कधी बोलू नका," मिस लिमनं बजावलं. "पण या एका खोट्याबद्दल मी तुमची आभारी आहे."

जानेवारीत दुसरंच संकट आलं. बालकेर्नचं मैदान गोठलं. एक सामना पुढे ढकलला, दुसरा ढकलला, तिसराही. निकाल नाहीत, नावं नाहीत. निशिकांत पुन्हा मुके होऊ लागले. आठवडाभर एक शब्द नाही म्हटल्यावर सविताचा धीर सुटला. नोव्हेनाला दवाखान्यातून थेरपीकडे जाताना ती जिन्यात थांबली आणि कठड्याला धरून उभीच राहिली. आपण इतके महिने ज्याच्या भरवशावर चाललो तो एक गावंढळ, हरणारा संघ. त्यानंही पाठ फिरवली तर जायचं कुठं? खालून मिस लिम जेवणाचा डबा घेऊन वर येत होती. ती तिथंच पायरीवर बसली, डबा उघडला, सविताला अर्धं पाव-अंडं दिलं. दोघींनी जिन्यात बसून खाल्लं. "कप्पा बंद होत नाही," मिस लिम शेवटी म्हणाली, "कधीकधी दार जरा फुगतं, एवढंच."

सवितानं एल्सपेथला लिहिलं, सामना नसला तरी काहीतरी पाठवा. त्या शनिवारी तीन वाक्यं आली. आज गावातली चाळीस माणसं फावडी घेऊन मैदानावर आली. सकाळपासून दुपारपर्यंत बर्फ उपसला. तरीही पंच म्हणाले, खेळता येणार नाही, मग आम्ही सगळ्यांनी चहा प्यायला.

निशिकांतनी ते ऐकलं. पुन्हा ऐकलं. "बर्फ," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "वेडे." मग खिडकीबाहेर बघून, बत्तीस अंशांच्या उन्हात चमकणाऱ्या समोरच्या ब्लॉककडे बघून, पोट हलेस्तोवर हसले.

फेब्रुवारीत खेळ सुरू झाला, आणि एका रविवारी, अगदी साधा रविवार, सविता कुकर लावत होती. बाहेरून आवाज आला, "सविता, ग्लेनशील कधी?"

"पुढच्या शनिवारी. मग मंगळवारी राहिलेला सामना," ती तिथूनच म्हणाली. कुकरचं झाकण लावलं, शिट्टी ठेवली, गॅस मोठा केला. भांडी घासायला नळ सोडला. आणि हात पाण्याखाली असतानाच तिला कळलं, आत्ता आपल्याला कुणी हाक मारली. आठ महिने जी हाक ऐकायला ती रोज झोपेतही कान लावून होती, ती आली आणि भाजीच्या पिशवीसारखी सहज ओट्यावर येऊन पडली. तिनं नळ बंद केला नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तो चालू ठेवून ती मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली. "काकडीची कोशिंबीर करू का?" असं विचारलं. "कर," निशिकांत म्हणाले.

त्या दिवशी देवापुढे हात जोडताना तिच्या मनात आलं, सवतीला एवढी वर्षं नावं ठेवली, पण नवऱ्याला हाताला धरून परत घरी आणून सोडलं ते तिनंच.

पुढचे महिने भराभर गेले. शब्द आता एकेक न येता जोडीनं येऊ लागले. मराठी आधी आली, इंग्रजी मागून, जरा लंगडत. एप्रिलमध्ये सविता त्यांना खालच्या कोपितियाममध्ये घेऊन गेली. कॉफीच्या दुकानातल्या अंकलनी सवयीनं तिच्याकडे बघून विचारलं, काय हवं. उत्तर निशिकांतनी दिलं, "कोपी-ओ कोसोंग. दोन." बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी, आजारी पडण्याआधी ते रोज इथंच घ्यायचे. अंकलनी हातातलं गाळणं थांबवलं, एवढंच म्हणाले, "वा, बऱ्याच दिवसांनी," आणि कॉफीबरोबर त्यांनी न मागितलेला, नारळाचा गोड काया लावलेला टोस्ट आणून ठेवला.

बालकेर्न मात्र सावरलं नाही. छत्तीस सामन्यांत पाच विजय, संघ तळाला. आता लॉखबेग नावाच्या बाहेरच्या संघाशी दोन सामने. पहिला बालकेर्न परगावी एक-दोन असा हरलं. दुसरा घरच्या मैदानावर, आणि टीव्हीसाठी लवकर ठेवलेला, म्हणजे सिंगापूरच्या संध्याकाळी साडेसातला. गार्गीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. आगाशांच्या घरात पहिल्यांदाच तिघांनी मिळून बालकेर्नचा सामना पाहिला. सविता भज्यांची ताटली घेऊन निशिकांतच्या शेजारी बसली. मैदानापलीकडे समुद्र दिसत होता. पडद्यावर एक धिप्पाड पांढरकेशी बाई किटली घेऊन गर्दीतून जाताना दिसली आणि सविता ओरडली, "एल्सपेथ! नक्की तीच!"

पाय बरा होऊन परतलेल्या मॅक्रेडीनं विसाव्या मिनिटालाच गोल मारला. बेरीज बरोबरीत आली. सविता उभी राहिली, भजी सांडली, तिनं शेजाऱ्यांचा विचार न करता टाळ्या वाजवल्या. "आई, तू?" गार्गी हसून कोसळली. "गप गं, बघू दे," सविता म्हणाली. पण शेवटची दहा मिनिटं उरलेली असताना लॉखबेगनं एक गोल फेडला. नंतर बालकेर्ननं जिवाचं रान केलं. चेंडू खांबाला लागला, एकदा रेषेवरून कुणीतरी काढला. शिट्टी झाली. शंभर वर्षांहून जुना संघ लीगच्या बाहेर गेला.

खेळाडू चिखलात बसून राहिले होते. गावकरी घरी जात नव्हते. उभ्याउभ्याच टाळ्या वाजवत होते. सविता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायला भीत होती. निशिकांतनी तिचा हात हातात घेतला.

"छान खेळले," ते म्हणाले. "शेवटपर्यंत."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एल्सपेथचा आवाज आला. या वेळी तीन वाक्यं नव्हती. बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी कपबश्या वाजत होत्या. मग ती म्हणाली, "मला माफ करा. आज मला शब्द सापडत नाहीत." आणि रेकॉर्डिंग तिथंच तुटलं.

निशिकांतनी फोन मागून घेतला. सविता मदतीला सरसावली तर त्यांनी मान हलवली. डाव्या अंगठ्यानं बटण दाबून धरलं. डोळे मिटून शब्द गोळा करत होते. बाजूला सविताचे ओठ आपोआप हलत होते, पण तिनं एक अक्षर पुरवलं नाही.

"एल्सपेथ," ते म्हणाले. "टेक... युवर टाइम. आय विल... वेट." मग थांबले. अजून काहीतरी राहिलं होतं. "थँक यू. फॉर एव्हरी... सॅटर्डे."

त्यांनी अंगठा उचलला आणि थकून मागे टेकले. कपाळावर घाम होता. बँकेत असताना या माणसानं दीडशे लोकांपुढे तासतासभर भाषणं केली होती. त्यातल्या कुठल्याच भाषणाचा सविताला एवढा अभिमान वाटला नव्हता.

उत्तर संध्याकाळी आलं. एल्सपेथनं तो निरोप चहाच्या खोलीत सगळ्यांना ऐकवला होता. क्लब बंद होणार नाही, ऑगस्टपासून लीगबाहेरच्या संघांशी खेळणार, आणि रविवारची तीन वाक्यं सुरूच राहतील, असं तिनं कळवलं.

जूनमध्ये मिस लिमनं सविताला विचारलं, चोआ चू कांगच्या कम्युनिटी क्लबमध्ये अफेझिया झालेल्यांच्या घरच्यांची बैठक असते, तिथं याल का? सविताला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ती गेली ती या मुलीनं जिन्यात दिलेल्या अर्ध्या पाव-अंड्याला स्मरून. निशिकांतही सोबत गेले.

तिथं झैनाब नावाची साठीची मलाय बाई होती. तिचा नवरा बेंचवर शेजारी बसला होता, मान खाली, हात मांडीवर. वाचा जाऊन चार महिने झाले होते. झैनाब म्हणाली, "आम्ही सगळं करून पाहिलं. फोटो दाखवले, नातवंडांना बोलायला लावलं. ते मानसुद्धा वर करत नाहीत. तुम्ही काय केलंत? कुठली फी, कुठलं औषध?"

सविताच्या मनात बोलायचं बरंच काही ठरवून आणलेलं होतं. ते बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तुम्हाला त्यांच्या कोणत्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग यायचा?"

झैनाब चमकली. मग जरा लाजत म्हणाली, "पक्ष्यांचा. गाणारे पक्षी पाळतात. रविवारी पहाटे उठून पिंजरे घेऊन स्पर्धेला जायचे. घरभर दाणे! ते आजारी पडल्यावर मी सगळे पिंजरे भावाकडे देऊन टाकले. तेवढीच कटकट कमी."

"परत आणा," सविता म्हणाली. तिनं पर्समधून पेन काढलं, समोरचा कागद उलटा केला. "कोणते कोणते पक्षी? नावं सांगा बघू."

झैनाब आठवून आठवून नावं सांगू लागली आणि सविता ती जमतील तशी लिहू लागली. उच्चार चुकत होते. निशिकांत खुर्ची ओढून त्या गृहस्थांच्या जवळ जाऊन बसले, नुसते सोबतीला. तिसऱ्या की चौथ्या नावाला सविताचा उच्चार फारच वाकडा गेला, तेव्हा त्या गृहस्थांनी मान वर केली आणि वेदना झाल्यासारखे डोळे मिटले.